१०० तासांच्या तपासणीनंतर इंजिन मिसिंग मारते आहे: शोध कुठून सुरू करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत सेसना १७२ एस या विमानाची १०० तासांची तपासणी झाली. त्यापूर्वी विमानाबद्दल कोणताही स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, नव्हता. तपासणीनंतरच्या पहिल्याच ग्राउंड रनमध्ये, म्हणजे विमान जमिनीवर ठेवून इंजिन चालवताना, आयडलला (सर्वांत कमी गतीला) इंजिन मिसिंग मारू लागले, १८०० आरपीएमला उजव्या मॅग्नेटोवर (प्लगांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या दोन यंत्रांपैकी फक्त उजवे चालू ठेवल्यावर) १८० आरपीएमचा ड्रॉप, म्हणजे घट, आला आणि विमान जागेवर उभे असताना पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम २२५० च्या वर गेला नाही. वर्कशीटनुसार आठही प्लग काढून साफ केले आहेत, उजवा मॅग्नेटो ५०० तासांच्या तपासणीसाठी उतरवून परत बसवला आहे, इंधनाची चारही नॉझल साफ केली आहेत आणि तेलाची गळती थांबवण्यासाठी तीन क्रमांकाच्या सिलिंडरचा इन्टेक पाइप काढून पुन्हा जोडला आहे. वरिष्ठांनी आठही प्लग नवे टाकायला सांगितले आहे. विचारणाऱ्या तरुण तंत्रज्ञांना ते पटत नाही, परंतु पर्यायी क्रम कोणता असावा हे त्यांना ठरवता येत नाही.

तुमची शंका रास्त आहे. तपासणीपूर्वी जे इंजिन नीट चालत होते ते तपासणीनंतर नीट चालत नसेल, तर बिघाडाचा पत्ता बहुतेक वेळा वर्कशीटमध्येच लिहिलेला असतो. हात लागलेल्या चार जागा तुमच्यासमोर आहेत. इंजिनाच्या बाकीच्या शेकडो भागांकडे वळण्यापूर्वी या चार जागा उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत शेवटी केलेल्या कामापासून मागे जात, एकेक करून निर्दोष ठरवाव्यात. आठही प्लग एकदम बदलल्यास दोन गोष्टी घडू शकतात. एक तर काहीच फरक पडणार नाही आणि पैसे जातील. दुसरी शक्यता अधिक वाईट आहे. प्लग बदलताना एखादी सैल लीड (मॅग्नेटोपासून प्लगला जाणारी तार) आपोआप नीट बसेल, इंजिन सुधारेल, आणि मूळ दोष काय होता हे कुणालाही कळणार नाही. असा दोष पुढे केव्हातरी हवेत परत येतो, आणि त्या वेळी आत कदाचित पहिल्या सोलोवर, म्हणजे प्रथमच एकट्याने, निघालेला विद्यार्थी असतो.

देखभालीनंतर बिघाड वाढतात हे निरीक्षण नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी लिबरेटर विमानांच्या अनपेक्षित दुरुस्त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच दुरुस्त्यांचे प्रमाण वाढते आणि पुढच्या तासांमध्ये ते हळूहळू उतरते असे त्यांना दिसून आले. यावरून तपासणी करूच नये असा अर्थ कुणी काढू नये. उघडलेल्या प्रत्येक जोडाकडे तपासणीनंतर संशयाने पाहावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उघडण्याआधी सुरक्षिततेची एक बाब स्पष्ट करतो, कारण तुमच्या विमानाचा मॅग्नेटो नुकताच उतरवलेला आहे. मॅग्नेटो बंद होतो तो पी-लीड ही किल्लीकडे जाणारी तार जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडली गेल्यामुळे. ती तार सैल राहिली किंवा तुटली, तर किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि प्रोपेलर हाताने थोडा फिरवला तरी इंजिन एक झटका घेऊ शकते. म्हणून पहिल्या रनच्या शेवटी आयडलला किल्ली क्षणभर 'ऑफ'वर नेऊन इंजिन खरोखर बंद पडू लागते का ते पाहावे. किल्ली 'आर'वर, म्हणजे फक्त उजव्या मॅग्नेटोवर, नेल्यावर डावा मॅग्नेटो बंद होत असतो. तिथे अजिबात ड्रॉप आला नाही तर आनंद मानू नये, डाव्याची पी-लीड तपासावी. शिवाय दोन्ही पी-लीड परस्परांच्या जागी तर लागलेल्या नाहीत ना, याचीही एकदा खात्री करून घ्यावी. त्या उलट लागल्या असतील तर किल्ली 'आर' दाखवत असताना प्रत्यक्षात डावा मॅग्नेटो चालू असेल आणि तुम्ही निर्दोष बाजू उघडत बसाल.

आता लक्षणांकडे येऊ. तीन लक्षणे म्हणजे तीन दोष असे समजू नये, आणि सगळ्यांच्या मागे एकच दोष आहे असेही आधीच ठरवू नये. प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र प्रश्न विचारावा. आयडलला होणारे मिसिंग दोन्ही मॅग्नेटो चालू असताना होते का? होत असेल, तर संशय इंधन आणि हवेच्या मिश्रणावर जातो, कारण एका सिलिंडरमधला एक प्लग निकामी झाला तरी दुसरा प्लग काम चालवून नेतो. उजव्या मॅग्नेटोवरचा ड्रॉप कसा आहे, गुळगुळीत की धडधडत? आरपीएम १८० ने उतरूनही इंजिन शांतपणे फिरत असेल तर टायमिंग उशिरा लागल्याची शक्यता मोठी असते. इंजिन हादरत असेल तर एखादा सिलिंडर त्या मॅग्नेटोवर पेटतच नाही आणि दोष प्लगमध्ये, लीडमध्ये किंवा मॅग्नेटोच्या वितरकात असतो. या विमानाच्या हस्तपुस्तिकेत एका मॅग्नेटोवरचा ड्रॉप १५० आरपीएमपर्यंत आणि दोन्हींमधील फरक ५० आरपीएमपर्यंत मान्य आहे. तुमचा ड्रॉप मर्यादेबाहेर आहे, पण फार नाही, आणि म्हणूनच तो धडधडतो की नाही हे ऐकणे महत्त्वाचे ठरते.

अशा वेळी पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात. मिश्रण नेमके नसेल तरीही मॅग ड्रॉप वाढतो. एका प्लगवर ज्वाला सिलिंडरभर पसरायला अधिक वेळ घेते आणि मिश्रण फार पातळ किंवा फार गाढे असेल तर ती आणखी रेंगाळते. त्यामुळे मिक्श्चरची कळ किंचित मागे घेऊन, म्हणजे इंधन थोडे कमी करून, मॅग ड्रॉप पुन्हा तपासावा. तो मर्यादेत आला, तर इग्निशनला हात लावण्याची घाई करू नये. मे महिन्याच्या दुपारी तर हे पहिल्यांदा करावे.

तुमच्या माहितीवरून माझा सर्वांत जास्त संशय तीन क्रमांकाच्या इन्टेक पाइपवर आहे. या इंजिनात पाइपचे एक टोक सिलिंडरला गॅस्केट आणि दोन नटांनी बसते, तर दुसरे टोक तेलाच्या संपला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) रबरी नळी आणि क्लॅम्पने जोडलेले असते. यांपैकी एकही जोड नीट बसला नाही, तर मोजणीतून न गेलेली हवा आत शिरते. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने आतली निर्वात ओढ सर्वाधिक असते, म्हणून गळतीचा परिणाम तिथे सर्वांत जास्त दिसतो. थ्रॉटल उघडत गेल्यावर ओढ कमी होते आणि इंजिन सुधारल्यासारखे वाटते. विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाइप जोडापाशी हवा ओढू लागला की पाणी तुटक येते, हे आपल्या भागात सर्वांनी पाहिलेले आहे. इथेही तोच प्रकार असतो. पूर्वी एका प्रशिक्षण विमानात मी नेमका असाच दोष पाहिला आहे. जुन्या गॅस्केटचा पापुद्रा फ्लँजला चिकटून राहिला होता, त्यावरच नवे गॅस्केट बसवले होते आणि दोन्ही नट टॉर्कला बरोबर होते. बाहेरून सारे व्यवस्थित दिसत होते. फ्लँजच्या खालच्या कडेला मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा निळसर डाग पडला होता, कारण १०० एलएल या विमानाच्या इंधनाचा निळा रंग वाळल्यावर मागे राहतो. तो डाग विजेरी तिरकी धरल्याशिवाय दिसला नसता.

पडताळणी सोपी आहे. इंजिन गरम असताना १००० आरपीएमच्या आसपास मिक्श्चर सावकाश मागे ओढावे आणि बंद पडण्यापूर्वी आरपीएम किती चढतो ते पाहावे. ५० पेक्षा जास्त चढला तर आयडलचे मिश्रण गाढे आहे. अजिबात न चढता थेट खाली आला तर ते पातळ आहे, आणि पातळपणाचे कारण गळती असू शकते. त्यानंतर इंजिन थंड झाल्यावर हवेच्या वाटेत व्हॅक्युम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने अगदी कमी दाबाची हवा सोडावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा जिथे येईल तिथे दोष सापडतो. आयडलचे मिश्रण जमवण्याचा स्क्रू मात्र गळती नाही असे सिद्ध होईपर्यंत फिरवू नये. गळती स्क्रूने झाकता येते, आणि हीच त्यातली खरी अडचण आहे.

नॉझलबद्दल एक भेद ध्यानात ठेवावा. कमी प्रवाहाला, म्हणजे आयडलला, चारही सिलिंडरांमध्ये इंधनाची वाटणी मुख्यतः फ्लो डिव्हायडर करतो. प्रवाह वाढल्यावर ती जबाबदारी नॉझलकडे जाते. त्यामुळे अर्धवट तुंबलेले नॉझल आयडलपेक्षा जास्त शक्तीला अधिक त्रास देते. तुमचा आरपीएम पूर्ण थ्रॉटलला कमी आहे, म्हणून हाही धागा सोडू नये. पाहणी अशी करावी: चारही नॉझल आपापल्या नळ्यांसह बाहेर काढून एकसारख्या काचेच्या बाटल्यांमध्ये सोडावीत, थ्रॉटल आणि मिक्श्चर पूर्ण पुढे करून विजेचा पंप थोडा वेळ चालवावा आणि बाटल्यांतील पातळी एका सपाट फळीवर ठेवून तुलना करावी. एक बाटली मागे राहिली तर नॉझल आणि नळी यांची अदलाबदल करून दोष कोणाबरोबर जातो ते पाहावे. हे काम उघड्यावर, वाऱ्यात, अग्निशामक हाताशी ठेवून आणि आजूबाजूला कोणतीही वीजजोडणी चालू नसताना करावे. उन्हाळ्याच्या दुपारी हँगरमध्ये बंद दाराआड ते कधीही करू नये. विमानातला फ्युएल फ्लो गेज प्रत्यक्षात दाब मोजणारा असेल, तर तुंबलेल्या नॉझलमुळे प्रवाह वाढल्याचे तो दाखवतो. ही फसगत नेहमी होते, म्हणून सांगितले. नॉझल परत बसवताना त्याच्या बाजूचे हवेचे छिद्र वर राहील हे पाहावे आणि आट्यांवर लावलेले सीलंट छिद्रात गेलेले नाही याची खात्री करावी.

आता उजवा मॅग्नेटो. या इंजिनात तो उजवीकडच्या सिलिंडरांचे खालचे आणि डावीकडच्या सिलिंडरांचे वरचे प्लग पेटवतो. लायकमिंगच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि तीन उजवीकडे, दोन आणि चार डावीकडे असतात. ड्रॉप धडधडत असेल तर किल्ली 'आर'वर ठेवून इंजिन मिनिटभर कमी आरपीएमला चालवावे, तिथेच मिक्श्चर ओढून बंद करावे आणि ताबडतोब चारही एग्झॉस्ट पाइपांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने, प्रत्येक वेळी फ्लँजपासून सारख्याच अंतरावर, मोजावे. जो पाइप इतरांपेक्षा थंड, त्याच सिलिंडरचा उजव्या मॅग्नेटोवरचा प्लग तपासावा. विमानात चारही सिलिंडरांचे ईजीटी (एग्झॉस्ट वायूचे तापमान) दिसत असेल तर हे काम काउलिंग न उघडताही होते: एका मॅग्नेटोवर गेल्यावर निरोगी सिलिंडरांचे ईजीटी वाढते आणि न पेटणाऱ्याचे कोसळते.

समजा तीन क्रमांक थंड निघाला. त्याचा खालचा प्लग काढावा आणि एक क्रमांकाच्या खालच्या प्लगशी त्याची अदलाबदल करावी, लीड मात्र जागच्या जागी ठेवाव्यात. थंडपणा प्लगबरोबर एक क्रमांकावर गेला तर प्लग दोषी आहे. तो तीनवरच राहिला तर लीड किंवा मॅग्नेटो दोषी आहे. इथे एका वेळी एकच बदल करणे का आवश्यक आहे ते दिसून येते. प्लग हातात असताना लीडच्या टोकाची चिनी मातीची नळी, जिला आपण सिगारेट म्हणतो, ती पुसून भिंगाखाली पाहावी. केसाएवढी काळी रेघ दिसली तर तिथून ठिणगी बाहेर पळते आहे. ओलसर किंवा तेलकट बोटाचा ठसादेखील पुरेसा असतो, म्हणून तो भाग स्वच्छ कपड्याशिवाय धरू नये. प्लगचा आतला रेझिस्टर मोजावा. तो ५००० ओहमच्या वर गेला असेल तर प्लग बाद करावा. साफ करताना खाली पडलेला प्लग बाहेरून धडधाकट दिसला तरी परत बसवू नये, कारण आतली चिनी माती तडकलेली डोळ्यांना दिसत नाही. बसवताना तांब्याचा वॉशर नवा घ्यावा आणि टॉर्क ३० ते ३५ फूट-पाउंड ठेवावा.

ड्रॉप गुळगुळीत असेल तर मॅग्नेटोचे टायमिंग मोजावे. अंश किती ते इंजिनाच्या डेटा प्लेटवरून घ्यावे, आठवणीवरून नव्हे. या मालिकेतल्या पुष्कळ इंजिनांवर ते वरच्या मृत बिंदूच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणाच्या) २५ अंश आधी असते. प्रोपेलर खुणेच्या मागे नेऊन नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने खुणेवर आणावा, म्हणजे गिअरमधली ढिलाई मोजणीत शिरत नाही. इम्पल्स कपलिंग (इंजिन सुरू करताना ठिणगी उशिरा आणि जोरात देणारी स्प्रिंगची जोडणी) अडकू देऊ नये. मॅग्नेटोचे पकडपट्टे आवळताना तो किंचित सरकतो, म्हणून अंतिम टॉर्क दिल्यानंतर मोजणी पुन्हा करावी. कामाच्या घाईत हीच दुसरी मोजणी गाळली जाते. टायमिंग उशिरा असेल तर ड्रॉप जास्त, ईजीटी जास्त आणि शक्ती कमी मिळते. ते फार आधी असेल तर ड्रॉप उलट चांगला दिसतो आणि सिलिंडरचे तापमान चढते. ही स्थिती अधिक धोक्याची असते, कारण रन-अपमध्ये ती कुणाच्या नजरेस येत नाही.

पूर्ण थ्रॉटलच्या आरपीएमबद्दल 'एवढ्या उन्हात असे होणारच' असे उत्तर तुम्हाला मिळेल. ते अर्धेच खरे आहे. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे, छत्रपती संभाजीनगरची त्याहून थोडी खाली. २००० फुटांवर प्रमाणित तापमान ११ अंश सेल्सिअस असते. पारा ४१ अंशांवर असताना घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, सुमारे ५६०० फूट होते. डिसेंबरातल्या १२ अंशांच्या सकाळी तीच जेमतेम २१०० फूट असते. विमानाची चढण्याची क्षमता यामुळे नक्कीच घटते. जागेवरचा आरपीएम मात्र त्या प्रमाणात पडत नाही, कारण विरळ हवेत इंजिनाची शक्ती कमी होते तसा प्रोपेलरवरचा भारही कमी होतो. उन्हामुळे जो आरपीएम जातो तो मुख्यतः मिक्श्चर पूर्ण पुढे ठेवल्याने, म्हणजे मिश्रण गाढे झाल्याने जातो. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून, पूर्ण थ्रॉटलला मिक्श्चर सावकाश मागे घेऊन सर्वाधिक आरपीएम शोधावा. तो २३०० च्या वर स्थिरावला तर हा मुद्दा तिथेच संपला. नाही स्थिरावला, तर कॉकपिटमध्ये थ्रॉटल पूर्ण पुढे असताना इंजिनावरचा थ्रॉटलचा दांडा खरोखर थांब्याला टेकतो का, हे दुसऱ्या माणसाने पाहावे, आणि आरपीएम ऑप्टिकल टॅकोमीटरने पडताळावा. हे मोजमाप दिवसाच्या उजेडात घ्यावे. आपल्याकडच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि दोन पात्यांच्या प्रोपेलरसाठी असे उपकरण त्या उजेडात ३००० हा खोटा आकडा दाखवू शकते.

हवेच्या फिल्टरकडे मी थोडक्यात जातो. काळ्या मातीची धूळ आणि सुगीतला भुसा इथे फिल्टर लवकर भरतात. तो तुंबला तर पर्यायी हवेचे झाकण ओढीने उघडते आणि पूर्ण थ्रॉटलला सुमारे १० टक्के शक्ती जाते. विमान बरेच दिवस हँगरमध्ये उभे असेल, तर टाकीच्या व्हेंटच्या (हवा आत येण्याच्या नळीच्या) तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर केलेले नाही ना तेही पाहावे. काउलिंग बंद करण्यापूर्वी हत्यारे आणि चिंध्या मोजून घ्याव्यात, बॅफलची (हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्यांची) रबरी कड सर्वत्र पुढे वळलेली आहे याची खात्री करावी.

ग्राउंड रन लांबवू नयेत. उभ्या विमानात सिलिंडरांवरून पुरेशी हवा जात नाही, म्हणून एक रन, एक प्रश्न आणि नंतर थंड होण्यासाठी वेळ, असा क्रम ठेवावा. उद्या सकाळच्या उड्डाणासाठी विमान हवे आहे असा दबाव येईल. दोषाचे कारण हातात आल्याशिवाय आणि त्या कामाचे नवे प्रमाणपत्र अधिकृत एएमईने (विमान देखभाल अभियंत्याने) दिल्याशिवाय ते विमान बाहेर जाऊ नये, हे वरिष्ठांना नम्रपणे पण लेखी कळवावे.

दोष सापडून दूर झाल्यावर पहिले उड्डाण अनुभवी प्रशिक्षकाने विद्यार्थ्याला न घेता, धावपट्टीच्या वरच घिरट्या घालत करावे, इतक्या उंचीवर की इंजिन बंद पडले तरी तरंगत परत येता येईल. पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात उतरावे लागले तर नाकाचे चाक रुतते आणि विमान उलटू शकते, हे आपल्या भागात विशेष लक्षात ठेवावे लागते. खाली आल्यावर काउलिंग पुन्हा काढून तीन क्रमांकाचा इन्टेक जोड, चारही नॉझल, आठही लीडचे नट आणि दोन्ही पी-लीड विजेरीने पाहाव्यात, आणि दोन्ही मॅग्नेटोंचे ड्रॉप, जागेवरचा आरपीएम व चारही सिलिंडरांचे तापमान बाहेरच्या तापमानासह लॉगमध्ये लिहून ठेवावे. पुढच्या १०० तासांच्या तपासणीनंतर तुलना करायला हेच आकडे लागतील.